दंडावरचे काटे

हिवाळा लागला की माझ्या दंडांचे हाल सुरू व्हायचे. नागपूरचा हिवाळा कोरडा. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, पोटरीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उमटते. बाकीच्यांचं एवढ्यावर भागत असे. माझ्या दोन्ही दंडांवर मात्र खांद्यापासून कोपराच्या थोडं वरपर्यंत बारीक पुटकुळ्या होत्या, त्या थंडीत टरारून उठायच्या. दुखत नसत, खाजतही नसत. हात फिरवला तर किसणीवरून फिरवल्यासारखा लागे, एवढंच. काही लालसर, काहींच्या टोकाशी पांढरा ठिपका, आणि ज्या मी नखांनी फोडल्या होत्या त्यांच्या जागी काळे डाग. त्या कधी आल्या हे मला सांगता येणार नाही. मला माझे दंड तसेच आठवतात.

आम्ही तेव्हा गणेशपेठेत राहत होतो. तीन खोल्या एकामागे एक, शेवटी स्वयंपाकघर, त्याच्या मागे फरशीचं छोटं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात टिनाच्या आडोशाची न्हाणी. घरात आम्ही पाच जण. बाबा कचेरीत कारकून. आई. बाबांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या; ती तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली होती आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. माझी मोठी बहीण विमलताई, मॅट्रिक होऊन शिवणकाम शिकलेली, लग्नाची. आणि मी, सुमन, आठवीत शिकणारी; घरी सगळे सुमी म्हणायचे. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आत्या भुशाची सिगडी पेटवायची. अंगणात धूर भरायचा, शेजारच्यांचा रेडिओ खरखरायला लागायचा, बाहेरून सायकलरिक्षांच्या घंट्या. आत्याच्या हाताला चव होती. तिची पाटोडीची भाजी खाताना नाकातून पाणी यायचं आणि तरी आम्ही रस्सा मागायचो. रविवारी वडाभात. वडे कुस्करून भातावर घालायचे आणि त्यावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. ते तेल भातावर पडतानाचा चर्र आवाज मला अजून ऐकू येतो.

पण रविवारच्या वडाभाताआधी रविवारची आंघोळ असे, आणि तिच्या धास्तीने शनिवारी रात्री मला झोप येत नसे. काटोलला बाबांच्या भावाची संत्र्याची बाग होती. तिथून संत्र्यांचा बोरा आला की साली फेकायच्या नाहीत असा आईचा नियम. त्या छपरावर वाळायच्या, खलबत्त्यात कुटल्या जायच्या, त्यात मसुरीचं पीठ, हळद आणि दुधावरची साय. हे सगळं माझ्या दंडांसाठी. न्हाणीत पाटावर मला बसवून आई आधी हे उटणं रगडायची आणि मग टाचा घासायची वजरी हातात घ्यायची. वजरी दंडावर फिरायला लागली की मी दात आवळून आडोशाच्या टिनावरच्या लाटा पाहत राहायचे. कातडी लाल व्हायची, कुठे कुठे रक्ताचा ठिपका यायचा, त्यावर गरम पाणी पडलं की झोंबून जीव जायचा.

“थोडं थांब वं. झालंच,” आई म्हणायची. ते काही होत नसे.

आईचा हात एरवी फार मऊ होता. ती कुणाला रागावून बोलल्याचंही मला आठवत नाही. पण न्हाणीत ती वेगळीच बाई व्हायची. ओठ मिटलेले, नजर माझ्या दंडावर. तोंडाकडे ती बघतच नसे. दोन दिवस दंड गुळगुळीत वाटत, तिसऱ्या दिवशी काटे परत. शाळेत मैत्रिणींनी मला ‘किसणी’ नाव ठेवलं होतं. झंपरच्या बाह्या लांब शिवायला आईने शिंप्याला सांगितलं होतं, तरी लेझीमच्या वेळी हात वर केला की त्या खाली घसरायच्याच.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला विमलताईला खाप्याचं स्थळ आलं. मुलाच्या वडलांची कन्हानच्या काठाला शेती होती, गावात दुकान होतं, आणि मुलगा सरकारी नोकरीत, नागपुरातच. बाबांच्या कचेरीतल्या देवरावजींनी सुचवलेलं. विमलताईने मुलाला आधीच एकदा देवरावजींच्या घरी ओझरतं पाहिलं होतं आणि तिला तो आवडला होता, हे फक्त मला माहीत होतं. रात्री पांघरुणात तिने मला सांगितलं होतं, “हसला का गालाले खड्डा पडते त्याच्या.” आत्याने मुगवड्या तळल्या, पोहे केले, भिंतींना चुना दिला. पाहुणे आले: मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मावशी. ताईला प्रश्न विचारून झाले, तिने विणलेले रुमाल पाहून झाले. सगळं नीट चाललं होतं. मुलाची आई तर ताईच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवून मोकळी झाली. मग आत्याने मला पाण्याचा ट्रे घेऊन पाठवलं.

मी मावशीपुढे वाकले आणि ट्रे पुढे केला. तिने पेला उचलला आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. कौतुकाने धरला असावा, लहान पोरीला धरतात तसा. पण धरल्याबरोबर तिचा हात दचकला. तिने माझी बाही वर सरकवली.

“काहून वं, हे काय झालं तुह्या हाताले?”

खोलीतले सगळे माझ्या दंडाकडे पाहायला लागले. आई दारात होती. ती म्हणाली, “काही नाही जी, थंडीनं होते तिले.”

“थंडीनं असं होते?” मावशीने बोटाने एक काळा डाग दाबला. “समजते का वं इथं हात लावलेलं?”

मी हो म्हटलं. पण ते बहुधा माझ्या तोंडातल्या तोंडात राहिलं. मावशीने पेला तसाच खाली ठेवला, न पिता. पाहुणे थोड्याच वेळात उठले. चपला घालताना मुलाचे वडील बाबांना म्हणाले, “कळवतो मी देवरावजींजवळ.” मुलाने जाताना दाराकडे पाहिलं, ताई तिथे नव्हती.

निरोप आला तो देवरावजींच्या तोंडी. मुलगी पसंत आहे, पण धाकटीच्या हाताचं आधी काय ते नक्की करा. खाप्याला कुणीतरी शब्द उच्चारला होता, रक्तपिती, म्हणजे कुष्ठरोग. बाबांनी तो शब्द घरात येऊन उच्चारला तेव्हा आत्या पीठ मळत होती. तिचे हात परातीत तसेच थांबले. आजच्या पोरांना या शब्दाची धास्ती काय असते ते समजायचं नाही. आता औषध आहे, रोग बरा होतो, हे शाळेतल्या पुस्तकात असतं. आमच्या लहानपणी त्या शब्दाने चांगलं नांदतं घर वाळीत पडत असे. विहिरीवरून, पंगतीतून, लग्नाच्या बाजारातून. बाबा आरामखुर्चीत बसले आणि त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. माझ्यातलं काहीतरी आपल्याला आधीच दिसायला हवं होतं, असं ते पाहणं होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच संध्याकाळी आत्याने माझा पेला वेगळा काढला. पितळेचा, कडेला पोचा आलेला. ताटली वेगळी. माझी पथारी तिने मधल्या खोलीतून उचलून पुढच्या खोलीत खिडकीखाली टाकली.

“मी काही वंगाळ बोलून नाही राहिली,” ती आईला म्हणाली. “मले काय ती परकी आहे? पण जिवाले धाकधूक आहे. डागदरनं पाहू दे, तवलोक सांभाळून राहू.”

आई एक शब्दही उलट बोलली नाही. भात वाढताना तिच्या हातातला डाव माझ्या ताटलीला लागू नये म्हणून आत्याने तो काढून घेतला आणि स्वतः वरूनच माझ्या ताटलीत भात टाकला, तेव्हाही नाही. रात्री विमलताई आपली चादर आणि उशी घेऊन पुढच्या खोलीत आली आणि माझ्या पथारीवर, माझ्याच पांघरुणात शिरली.

“विमल, अवं!” आत्या मधल्या खोलीतून ओरडली.

“मी सुमीजवळच झोपते आत्या. पहिलेपासून झोपतेच आहे. व्हायचं ते होऊन गेलं अशीन.”

तिने माझ्या दंडावर आपला हात टाकला आणि तसाच ठेवला. ती जागी होती. मीही जागी होते. तिचं लग्न माझ्या दंडांवर अडलेलं आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं.

दवाखान्यात आई मला घेऊन गेली. बाबांनी कचेरीचं कारण सांगितलं. सरकारी दवाखान्यात कातडीच्या रोग्यांची बसायची जागा वेगळी होती, मागच्या बाजूच्या लांब व्हरांड्यात. बाकांवर माणसं बसली होती. फिनेलचा वास, कुठेतरी स्टोव्हवर सुया उकळल्याचा आवाज. माझ्या समोरच्या बाकावर एक बाई होती, आईच्या वयाची, नीट चापूनचोपून नेसलेली. तिने मला विचारलं, “कोणत्या वर्गात आहेस वं?” मी सांगेपर्यंत माझी नजर तिच्या हाताकडे गेली. बोटं आत वळलेली होती. तिला माझी नजर कळली. तिने हात सावकाश पदराखाली घेतला आणि हसली. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर उमटला. ती बाई आणि मी, आम्ही दोघी एकाच व्हरांड्यात एकाच दाराकडे पाहत बसलो होतो, आणि आत गेल्यावर मला काय सांगतील त्यावर मी त्या बाकावरची होणार की नाही ते ठरणार होतं. तेरा वर्षांच्या पोरीला जेवढं समजतं तेवढं मला ते समजलं होतं.

डॉक्टर उतारवयाचे होते, डोक्यावर केस नव्हते, बोलणं तुटक. त्यांनी माझी बाही खांद्यापर्यंत वर घेतली, खिडकीच्या उजेडात दंड फिरवून पाहिला, कोपरामागची शीर बोटांनी चाचपली. मग कापसाचा बोळा आणि टाचणी घेतली.

“डोळे मीट. हात लागला की हो म्हण.”

मी डोळे मिटले. कापूस लागला. हो. टाचणी टोचली. हो. मग काहीच झालं नाही. मी वाट पाहिली. अजून काही नाही. मला वाटलं, त्यांनी टोचलं आहे आणि मलाच कळलेलं नाही. मी घाईघाईने म्हटलं, “हो!”

“आत्ता मी हात लावलेला नाही,” डॉक्टर म्हणाले.

मिटल्या डोळ्यांमागे मला तो मागचा व्हरांडा दिसायला लागला. डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. “पोरी, परीक्षा नाही ही. लागलं तरच सांग. नाही लागलं तर गप राहा. पुन्हा करू.” आम्ही पुन्हा केलं, दोन्ही दंडांवर, कोपरावर, बोटांच्या टोकांवर. या वेळी मी तोंड मिटून बसले आणि जिथे लागलं तिथेच हो म्हटलं. शेवटी त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“उघड डोळे. काही नाही हे. ज्याला तुम्ही घाबरून आलात ते तर अजिबातच नाही.” मग आईकडे वळून म्हणाले, “कातडी कोरडी आहे हिची. केसाच्या मुळाशी खपली साचते, तिचे हे दाणे. लागण होत नाही याची कुणाला. पण हे डाग कशाचे? कोण घासतं हिला?”

आई खाली पाहत म्हणाली, “मीच घासते जी.”

“ते पहिलं बंद करा. घासून घासून दुखणं नव्हतं तिथे दुखणं केलंय. आंघोळ झाली की ओल्या अंगावर तेल लावा, रात्री हे मलम. कमी होईल, वय वाढेल तसं आणखी कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही.” ते लिहिता लिहिता थांबले. “घरात आणखी कुणाला आहे का असं? रक्तात असतं हे बहुधा. वडलांना? तुम्हाला?”

आईने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. “नाही जी,” ती म्हणाली. “कोणालेच नाही.”

रिक्षात बसल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, बर्डीच्या चौकापर्यंत. मग डॉक्टरांचा तो शेवटचा प्रश्न मनात घोळायला लागला. रक्तात असतं, आणि आमच्या रक्तात कुणालाच नाही. मग मी कुणाची?

“मंग मलेच काहून झालं वं आई?”

आई रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहत होती. “होते एखाद्याले,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते बाबांनी देवरावजींमार्फत खाप्याला कळवलं. आत्याने माझी पथारी मधल्या खोलीत येऊ दिली, पेला मात्र वेगळाच राहिला, म्हणाली, “लग्न होऊन जाऊ दे, मंग पाहू.” मग एका रविवारी दुपारी खाप्याची मंडळी देण्याघेण्याचं पक्कं करायला आली. मुलगा, त्याचे वडील, मावशी आणि देवरावजी. मुलाची आई या वेळी आली नव्हती. आत्याने पाटोडीचा रस्सा केला होता, पोळ्यांची चळत झाकून ठेवली होती. मी आणि ताई मधल्या खोलीत पडद्यामागे. ताईने नवी साडी नेसली होती आणि तिने माझा हात धरून ठेवला होता.

पुढच्या खोलीत सगळं ठरत गेलं. मुहूर्त, कार्यालय, वऱ्हाडाची माणसं. मग मुलाच्या वडलांनी घसा खाकरला.

“एक गोष्ट राहिली बाबूजी. डागदरनं सांगितलं ते आमाले मंजूर आहे. आमी काही अडाणी नाही. पण लोकाचं तोंड कोण धरन? मावशीनं पाह्यलं, गावात दहा जणाले माहीत झालं. तं लग्नाच्या दिवसात धाकटीले काटोलले ठेवा तिच्या काकाकडं. करवली म्हणून दुसरी एखादी पोरगी उभी करा. पुढंही, येणं-जाणं जरा बेतानं.”

“चार दिवस आड राहिली तं काय बिघडते लेकराचं?” मावशी म्हणाली. “बहिणीचं भलं होऊन राह्यलं.”

मला वाटलं आता बाबा नाही म्हणतील. मी पडद्याच्या फटीतून त्यांची पाठ पाहत होते. ती पाठ वाकली. “बरं,” ते म्हणाले. “करू तसं.” ताईने माझा हात सोडला. ती पडद्याकडे सरकली, बाहेर जाणार की काय असं मला वाटलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली आणि आमच्या दोघींच्या मधून पुढे गेली.

आमच्या घरात बायका पुरुषांच्या बैठकीत जात नसत. बोलायचं तर दाराआडून. आई सरळ खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. आईचं झंपर कायम कोपरापर्यंत असे, मे महिन्याच्या उन्हाळ्यातसुद्धा, दारावरच्या ओल्या खसच्या टट्ट्याही ज्या उन्हापुढे हरतात त्या उन्हातसुद्धा. आम्हाला वाटायचं तिला तसंच आवडतं. तिने उजव्या हाताने डाव्या हाताची बाही धरली आणि वर चढवली, जेवढी चढेल तेवढी. शिवण उसवल्याचा आवाज मला पडद्याआड ऐकू आला.

“हे पाहा,” ती मावशीला म्हणाली. “हात लावून पाहा, तिच्या हाताले लावला तसा.”

तिच्या दंडावर तेच होतं. माझंच. तेच दाणे, तेच लाल ठिपके, वयाने थोडे मावळलेले, आणि मध्ये मध्ये जुने, पांढरट पडलेले ओरखड्यांचे वण.

“अवं!” बाबा अर्धवट उठले. “आत जाय तू.”

“जाते. बोलून जाते.” आईने बाही सोडली नाही. “तिले हे माह्याकडून आलं. आमच्या सासूनं, या नणंदेनं, वीस-बावीस वर्षं याच हाताचं खाल्लं, कोणाले काही झालं नाही. विमलले आलं नाही. पण तिच्या लेकराले येऊ शकते, डागदर म्हणते रक्तात आहे. मंग तुमी त्या लेकराले कोणत्या काकाकडं ठेवान? आता सांगते, मंग म्हणसान फसवलं. आन् सुमी कुठं जाणार नाही. तिच्या बहिणीचं लग्न आहे.”

देवरावजी छताकडे पाहत होते. मावशीने साडीचा पदर आवरून आपल्या हातांवर घेतला. मुलाच्या वडलांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “घरी विचार करून कळवतो.” मुलगा अजून बसलेला होता. त्याची नजर जमिनीवर, हात गुडघ्यांवर. वडील दाराशी पोहोचल्यावर त्याला हाक मारावी लागली, तेव्हा तो उठला. ताईने हे सगळं फटीतून पाहिलं. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, “तो उठून गेला त्याचं मले काही नाही. तो बसून होता ना, तवा मले वाटलं आता बोलन. तेवढंच लागलं.”

त्यांनी कळवलं नाही. कळवणार नाहीत हे त्या दुपारीच सगळ्यांना समजलं होतं. बाबांनी न जेवता अंगात सदरा चढवला. “काय गरज होती तुले?” एवढंच ते आईला म्हणाले, “पोरीचं नशीब हातानं मोडलं,” आणि बाहेर निघून गेले. आत्या चुलीपाशी बसून होती. तिच्या तोंडावर राग होता, पण तो मला वाटला होता तो नव्हता. “इतकी वर्षं एका न्हाणीत न्हालो आपण,” ती आईला म्हणाली. “मले सांगतलं नाही तू. मी काय तुले घराबाहेर काढणार होती?” काढलं असतं की नाही हे आत्याला स्वतःला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे. पण त्या दिवशी सगळ्यांची ताटं तिनेच घेतली, आणि माझं पाणी घरच्या नेहमीच्या पेल्यात आलं. थंड झालेला पाटोडीचा रस्सा आम्ही चौघी जणी जेवलो. ताई रडत नव्हती. तिने दोनदा रस्सा मागून घेतला, आणि मग एकदम उठून अंगणात गेली, ती बराच वेळ आली नाही. मी मागे जायला निघाले तर आईने मला हाताने अडवलं.

पुढचं वर्ष घरात जड गेलं. बाबा आईशी कामापुरतं बोलत. ताईने शिलाईचे कपडे घ्यायला सुरुवात केली. मशीनचा खडखडाट दुपारभर चाले. स्थळं येत होती, पण आता आईचा एक नियम झाला होता. पोहे पुढे येण्याआधीच ती मुलाच्या आईला मधल्या खोलीत बोलवायची, बाही वर करायची आणि सांगायची. बाबा तोंड फिरवून बसायचे. काही जणी पोहे न खाता गेल्या, काही जणींनी खाल्ले आणि मग कळवलं नाही. एकदा काटोलकडून एक कुटुंब आलं, शेतकरी माणसं, एस.टी.ने आलेली, पायांना अजून वाटेवरची धूळ. आईने मुलाच्या आईला आत नेऊन दंड दाखवला. ती बाई वाकून पाहायला लागली, चष्मा नव्हता तिच्याकडे. तिने हात फिरवला आणि म्हणाली, “अवं बाई, एवढंच? मले वाटलं पोरीचा काही दुसरीकडं जीव आहे. आमच्या पोराच्या पाठीवर पाहा, मोसंबीची साल बरी. चला, पोहे थंडे होऊन राह्यले.” त्या लग्नात मी करवली म्हणून ताईच्या मागे उभी राहिले. शिंप्याने माझं झंपर आखूड बाह्यांचं शिवलं होतं. मला लाज वाटत होती आणि मी अंतरपाट खाली येईपर्यंत हात पोटाशी धरून होते, हेही खरं सांगायला हवं. एका दुपारी बाही वर चढवल्याने मनातलं सगळं निघून जात नाही.

आईला विचारायचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला होता. पुष्कळ वर्षं राहिला. माझं लग्न झालं, बाबा गेले. बाबांनी शेवटच्या आजारपणात आईला म्हटलं होतं, तू बरोबर केलं होतं, असं तिने मला सांगितलं. मी ऐकलेलं नाही. एका थंडीत आम्ही दोघी ताईकडे काटोलला होतो. ताईची धाकटी लेक सहा-सात वर्षांची. ती आंघोळ करून ओलेती पडवीत उन्हात येऊन बसली आणि तिने न सांगता आजीपुढे दंड केला. त्यावर तेच दाणे होते. आई वाटीतलं तेल बोटांवर घेऊन हलक्या हाताने चोळायला लागली. मी पाहत बसले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“त्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, तवा नाही काहून म्हटलं वं आई?”

ती तेल लावत राहिली. तिला कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही.

“डागदरचं काय होतं,” ती म्हणाली. “तू होती ना तिथं. मी हो म्हटलं असतं, तं तुह्या पुढचा सवाल मले माहीत होता.”

“कोणता?”

“का मंग मले कायले घासत होती.”

पडवीत ऊन सरकत आलं होतं. आत ताई कुकरच्या शिट्या मोजत होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तो प्रश्न विचारणार नाही.

“कायले घासत होती?”

आईने पोरीचा हात खाली ठेवला. ती स्वतःची तेलकट बोटं पाहायला लागली.

“माही माय मले घासे,” ती म्हणाली. “वाळूनं. तिले वाटे, पोरीचं जाईन. माह्यं गेलं नाही. मले वाटलं, तुह्यं तरी जाईन.”

ताईच्या लेकीने दुसरा दंड पुढे केला. “आजी, हा राह्यला ना,” ती म्हणाली, आणि आईने वाटी जवळ ओढली.